हिरकणीच्या दाराला कुलूप

बसस्थानकावर ‘हिरकणी कक्ष’ अशी गुलाबी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं. कुठलं स्थानक ते सांगत नाही. मुलगी तेव्हा साडेतीन महिन्यांची, सोलापुरात सासूबाईंजवळ. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात तास घेऊन परतत होते. गाडी दीड तास आली नव्हती. दूध दाटून छाती दगडासारखी झाली होती. खिडकीतल्या साहेबांना चावी विचारली तर म्हणाले, “ती ज्यांच्याकडं असते ते सहाला गेले, मॅडम.” काचेतून आत पाहिलं. दोन झाडू, मोडका बाक, जुने फलक. शेवटी शौचालयात जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं. बाहेर येताना पुन्हा पाटी दिसली आणि त्या अवस्थेतही हसू आलं. गोष्टीत जिच्यासमोर दार बंद झालं, तिचंच नाव बंद दाराला!

त्या दिवसापासून हिरकणीची गोष्ट मी वेगळी वाचायला लागले. लहानपणी ऐकली तेव्हा ती आईच्या मायेची गोष्ट होती. आता मला ती कामावरून घरी निघालेल्या बाईची गोष्ट दिसते.

रायगडाच्या पायथ्याची गवळण. घरी तान्हं मूल. ती रोज गड चढून दूध घालते. बऱ्याच कथनांत तो दिवस कोजागिरीचा असतो. म्हणजे दुधाला मागणी जास्त, काम जास्त, उशीर जास्त. आजच्या भाषेत ओव्हरटाइम. सूर्य मावळला, दरवाजे लागले. पहारेकऱ्यांनी नियम सांगितला. ती अंधारात कडा उतरून बाळाकडं गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरवलं आणि जिथून ती उतरली तिथं बुरूज बांधून घेतला. तो हिरकणी बुरूज. खाली गावही आहे हिरकणीवाडी. रायगडाचा रोपवे तिथूनच सुटतो. (बाई जिथून जीव मुठीत धरून उतरली, तिथं आता चार मिनिटांत वर जाता येतं, हे मला फार आवडतं.)

ही आख्यायिका आहे. खरंच असं घडलं का, या वादात मला रस नाही. पिढ्यान् पिढ्या सांगताना लोकांनी त्यात काय ठेवलं, हे बघायचंय. कडा ठेवला, काटे ठेवले, साडीचोळी ठेवली. बुरूजही ठेवला, पण त्याचा अर्थ सोयीस्कर विसरले. बुरूज हा सत्कार तर आहेच, पण तो भिंतही आहे. शत्रू चढू शकेल अशी फट एका आईमुळं कळली आणि ती बुजवली. किल्ल्याचा धनी म्हणून महाराज अगदी बरोबर वागले. गड राखायचा तर दुसरं काय करणार? पण गोष्ट म्हणून वाचताना मला पुढची गवळण दिसते. पुढच्या वर्षी, पुन्हा उशीर झालेली. तिच्यासाठी दरवाजाही बंद आणि आता कडाही बंद. तिच्याबद्दल एकही कथा नाही.

२०१९ च्या दिवाळीत ‘हिरकणी’ चित्रपट आला. दिग्दर्शक प्रसाद ओक, हिरकणी झालेली सोनाली कुलकर्णी (‘नटरंग’वाली). मी तो तेव्हा सोलापुरात थिएटरमध्ये पाहिला होता आणि रडलेही होते. अलीकडं मुलीला मांडीवर झोपवून मोबाइलवर, आवाज बंद करून पुन्हा पाहिला. सोनालीचं काम आजही पटतं. पण चित्रपटाचा सगळा जीव कड्यावर आहे. नायिकेला जितकं सोसावं लागेल तितकी आई मोठी, हे त्याचं गणित. दरवाजा तिथं फक्त अडथळा म्हणून येतो, पाऊस यावा तसा. मराठी सिनेमाला एकट्या चित्रपटावरून धरणार नाही, आपण सगळेच गोष्ट तशी ऐकतो. दरवाजाला पाऊस समजलं की त्याच्याशी बोलायची गरज उरत नाही.

माझ्या बाबतीत तो दरवाजा म्हणजे वेळापत्रक. मी तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास, तितके पैसे. कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची तरतूद आहे, कामाच्या वेळात बाळाला पाजायला जाण्याची सोयही आहे. कागद वाचून बरं वाटतं. मला कुणी रजा नाकारली नाही; पण मी घरी बसले असते तर तास दुसऱ्याला गेले असते. म्हणून तीन महिन्यांत परतले. मागणी एकच केली होती, शेवटचा तास चारचा आहे तो दुपारी घ्या. वेळापत्रक बदलता येत नाही, असं उत्तर आलं. मग ८ मार्चला कार्यक्रम झाला, ‘आमच्या हिरकणी’ म्हणून माझं नाव पुकारलं आणि साडी दिली. इरकल आहे, काठ सुंदर आहेत. मी ती नेसतेही. पण घेताना सारखं वाटत होतं, ही गोष्ट आपण कुठंतरी वाचलीय.

आमदार झालं तरी हेच. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फोटो सगळीकडं झळकले, कौतुक झालं. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी सांगितलं की विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवता येत नाही. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. फोटोतली हिरकणी सगळ्यांना हवी होती. धुळीची तक्रार करणारी आमदार बाई मात्र बातमीपुरतीच राहिली.

आम्ही पूर्व भागात राहतो. शेजारच्या अक्का तीस वर्षं विड्या वळतात. एका दुपारी त्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली. मांडीवरचं सूप न हलवता ऐकत होत्या. “दूध घालून झालं होतं की तिचं?” त्यांनी विचारलं. झालं होतं. “मग सोडायला काय झालं? आमच्याकडं बी तसंच. विड्या तपासून, खराब म्हणून बाजूला काढून, वहीत लिहून होईपर्यंत बाईनं थांबायचं. पोरगं रडतंय म्हटलं तर म्हणतात, नियम आहे.” मग सुपाकडं बघून म्हणाल्या, “घरात बसून काम म्हंजे बरं, असं लोकं म्हणतात. पण मांडीवर सूप असलं की लेकरू कुठं बसवायचं?” वर्क फ्रॉम होमवर लिहिलेल्या कितीतरी लेखांत मला हा प्रश्न इतका नेमका सापडला नव्हता.

सूप आणि लेकरू डोक्यात घेऊनच मी वर्गात गेले आणि संतकवितेच्या तासाला जनाबाईंच्या नावे असलेला घारीचा अभंग घेतला. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, मुलांना अभंग तोंडपाठ होता. आकाशात फिरणारी घार पिलाकडं झेप घेते. कामात अडकलेल्या आईचा जीव बाळात असतो. माकडीण पिलाला पोटाशी घेऊनच झाडांवर हिंडते. आणि मग जनी विठ्ठलाला आई म्हणते. शंभरदा ऐकलेला अभंग, पण फळ्याजवळ उभी असताना पहिल्यांदा दिसलं की तिन्ही दृष्टान्त सारखे नाहीत. घार परत येऊ शकते. माकडीण सोबत नेऊ शकते. मधली बाई दोन्ही करू शकत नाही. तिचं शरीर एकीकडं, मन दुसरीकडं. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती, दळण-कांडणात आयुष्य गेलेली. ती त्या बाईला शूर म्हणत नाही, कड्यावरून उतरायला लावत नाही. ती अडकली आहे, एवढंच सांगते. मला हे फार मोठं वाटलं.

आणि जनाबाईंच्या इतर अभंगांत विठ्ठल काय करतो? सत्कार करत नाही. जात्याशी बसून दळू लागतो. गोवऱ्या वेचतो. तिची वेणी घालतो. म्हणजे कामातला वाटा उचलतो. देवाकडून एवढी साधी अपेक्षा करणारी कविता दासीच लिहू शकते, असं मला वाटतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग त्या मधल्या बाईसोबत विठ्ठल काय करतो?” अभंगात त्याचं उत्तर नाही, असं मी सांगितलं. पावणेपाच झाले होते. सव्वापाचची गाडी होती, कुर्त्याच्या पुढं ओलावा यायला लागला होता, म्हणून ओढणी नीट केली आणि हजेरी घेतली.

नवऱ्याला फोन केला. तो त्या दिवशी लवकर घरी आला होता, वरणाचा कुकर लावून बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. मागून सासूबाईंचा आवाज आला, “तिला सांग, घाई करू नको म्हणावं. पोरगी हाय माझ्याकडं.” गाडी वेळेवर आली. हिरकणी कक्षाला कुलूप तसंच होतं.