सोंग, ओळख आणि विडंबन : ‘रॉबिन हुड डॅफी’ या व्यंगचित्रपटाचा विचार

विडंबन हे परोपजीवी वाङ्मय आहे, असे आपल्या समीक्षेत सामान्यतः मानले जाते. मूळ कृती ज्यास ठाऊक नाही त्यास विडंबनाचा आस्वाद घेता येत नाही, हा या मताचा आधार होय. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ज्या कवितांची थट्टा त्यात आहे त्या कविता वाचकाच्या ओठी असल्या, तरच त्या थट्टेची गोडी त्याला पुरती कळते. हे मत पुष्कळ अंशी खरे असले तरी सर्वत्र लागू पडते काय, हा प्रश्न प्रस्तुत टिपणात एका परक्या कृतीच्या आधारे तपासावयाचा आहे. ती कृती म्हणजे वॉर्नर ब्रदर्सचा ‘रॉबिन हुड डॅफी’ (१९५८) हा सुमारे सहा-सात मिनिटांचा व्यंगचित्रपट.

बीड, केज किंवा अंबाजोगाईकडील एखाद्या खेड्यातून पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी लोककथेतील रॉबिन हुड हा दरोडेखोर बहुधा नावापुरताच माहीत असतो. शेरवुडचे जंगल, नॉटिंगहॅमचा शेरीफ, लिट्ल जॉन, फ्रायर टक ही मंडळी त्याच्या बाळपणाच्या गोष्टींत नाहीत. असे असूनही हा चित्रपट पाहताना तो हसला, तर ते हसू नेमके कशाचे, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेवर येते. केवळ बदकाच्या पडण्या-धडपडण्याचे ते हसू असेल, तर विडंबनाविषयीचे वरील मत अबाधित राहते. त्याहून काही अधिक असेल, तर त्या मतास मुरड घालणे भाग आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शन चक जोन्स यांचे, कथालेखन मायकेल माल्टीज यांचे आणि प्रमुख पात्रांचा आवाज मेल ब्लँक यांचा आहे. डॅफी डक हे काळे बदक रॉबिन हुडच्या वेषात गाणे गात येते आणि गाता गाताच घसरून पडते. पोर्की पिग हे डुक्कर जाड्या ख्रिस्ती भिक्षूच्या रूपात हे पाहून पोट धरून हसते. रॉबिन हुडच्या टोळीत सामील होण्याची या भिक्षूची इच्छा आहे. परंतु समोर उभा असलेला विदूषक रॉबिन हुड आहे, हे मात्र त्याला काही केल्या पटत नाही. डॅफी दंडयुद्धाचे हात करून दाखवू लागतो, तर त्याची स्वतःचीच चोच वाकडी होते. इतक्यात वाटेने एक धनाढ्य प्रवासी गाढवावरून जाताना दिसतो. त्याला लुटून धन गरिबाला दिले की आपण रॉबिन हुड ठरलो, असा डॅफीचा हिशेब. दोराला झोका घेऊन तो आवेशाने निघतो आणि एकामागून एक झाडांवर आपटतो. प्रवाशाला या हल्ल्याचा पत्ताही लागत नाही. तो आपला सुखरूप मुक्कामी पोहोचतो. शेवटी डॅफी टोळीचा नाद सोडतो आणि भिक्षूची कफनी अंगावर चढवून त्याच्याच पंथात सामील होतो. ‘टक’ आणि ‘डक’ या दोन शब्दांच्या यमकावर चित्रपट संपतो.

मूळ आख्यायिकेचा थोडा परिचय येथे आवश्यक आहे. रॉबिन हुडची गाणी लोकांच्या तोंडी असल्याचा उल्लेख चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विल्यम लँगलंडच्या काव्यात सापडतो. इ. स. १५००च्या सुमारास त्याच्यावरील दीर्घ पोवाडावजा काव्य मुद्रित झाले. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा नायक ही त्याची आजची ठळक प्रतिमा पुढील शतकांत क्रमाक्रमाने घडली. १९३८ साली वॉर्नर ब्रदर्सनेच एरॉल फ्लिन यास घेऊन काढलेल्या रंगीत बोलपटाने ती जगभर रूढ केली. झोका घेणारा, हसतमुख, कधीही न चुकणारा हा बोलपटातील वीरच प्रस्तुत व्यंगचित्रपटाच्या डोळ्यांसमोर आहे.

तथापि जुन्या गीतांतील रॉबिन असा अजिंक्य नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लिट्ल जॉनशी पुलावर झालेल्या दंडयुद्धात तो हरतो आणि पाण्यात पडतो. एका भिक्षूबरोबरच्या नदीकाठच्या झटापटीतही त्याची फजिती होते. मात्र प्रत्येक वेळी हरलेला रॉबिन जिंकणाऱ्याला आपल्या टोळीत घेतो. पराभव मोकळेपणाने मान्य करणे हेच तेथे नायकत्वाचे लक्षण आहे. व्यंगचित्रपटात पाणी, दंड आणि भिक्षू हे सारे आहे. फक्त नाते उलटले आहे. येथे हरलेला नायक जिंकणाऱ्याच्या पदरी जातो. म्हणजे फ्लिनच्या बोलपटाची थट्टा करता करता जोन्स आणि माल्टीज हे जुन्या गीताच्या रचनेजवळ येऊन पोहोचले आहेत. त्यांनी हे जाणून केले की नकळत घडले, याला फारसे महत्त्व नाही. कृतीत ते आहे, एवढे पुरे.

आता हास्याच्या स्वरूपाकडे वळू. कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. डॅफीच्या ठिकाणी वीराची सर्व बाह्य सामग्री आहे. वेष आहे, शस्त्र आहे, आवेशाची भाषा आहे, उत्साहही आहे. परंतु कृतीशी त्या उत्साहाची गाठ पडत नाही, म्हणून वीर न उपजता वीराभास उपजतो. हे अनौचित्य ओळखण्यासाठी रॉबिन हुडचे चरित्र ठाऊक असण्याची गरज नाही. वीर म्हणजे काय हे ठाऊक असले की पुरे. चित्रपट आपल्या आरंभीच्या गाण्यातून आणि वेषातून स्वतःचे ‘मूळ’ स्वतःच उभे करतो आणि मग ते मोडतो. विडंबनासाठी मूळ कृतीचे पूर्वज्ञान लागतेच, या मतास येथे पहिली मुरड पडते.

दुसरी मुरड आपल्या ग्रामजीवनातील एका परिचित दृश्याने पडते. फौजदाराचा वेष करून बहुरूपी दारात येतो, वॉरंट काढल्याची बतावणी करतो, घरधन्याला बेडी घालण्याची धमकी देतो. घरचे हसतात आणि त्याला पसाभर धान्य किंवा चार पैसे देतात. येथे सोंग घेणारा आणि पाहणारा दोघेही सोंग जाणून असतात, आणि या संमतीवरच खेळ उभा राहतो. डॅफी हा आपण बहुरूपी असल्याचे विसरलेला बहुरूपी आहे. सोंग वठले नाही याचे त्याला दुःख नाही; ते सोंग आहे असे कोणी म्हणावे, हेच त्याला सोसत नाही. म्हणून भिक्षूचे हसणे, जे बहुरूप्याला बिदागीसारखे वाटले असते, ते डॅफीला अपमानासारखे लागते. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण तर या कथानकाचे सूत्रच सांगते. दानशूर लुटारूचे सोंग पैशाशी येऊन अडते, आणि पैसा गाढवावर बसून निघून जातो.

प्राणिकथेच्या परंपरेशी तुलना केल्यास आणखी एक भेद स्पष्ट होतो. पंचतंत्रातील चंडरव नावाचा कोल्हा निळीच्या पिंपात पडून निळा होतो आणि वनाचा राजा बनतो. इतर प्राणी आधी फसतात. मग त्याची कोल्हेकुई ऐकून सत्य ओळखतात. तेथे कथा ढोंग उघडे पडण्याची आहे. डॅफीवर तर पहिल्यापासून कोणीच विश्वास ठेवत नाही. उघडे पडावे असे काही झाकलेलेच नाही. शिवाय डॅफी रॉबिन हुड नाही, असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. दुसरा, ‘खरा’ रॉबिन त्यात येतच नाही. याच दिग्दर्शकाच्या ‘रॅबिट हुड’ (१९४९) या आधीच्या चित्रपटात याची दुसरी बाजू दिसते. तेथे अखेरीस १९३८च्या बोलपटातील फ्लिन प्रत्यक्ष दृश्यरूपाने अवतरतो, आणि बग्ज बनी हा ससा तो रॉबिन असल्याचे मान्य करीत नाही. एका चित्रपटात दावेदाराला कोणी ओळखत नाही, तर दुसऱ्यात अस्सल समोर आला तरी ओळख पटत नाही. दोहोंचा विषय एकच आहे : आख्यायिकेतील पुरुषाला ओळख कोण देतो?

हा प्रश्न आपल्याकडेही केवळ विनोदाचा नाही. उमाजी नाईक यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली. सरकारदप्तरी ते दरोडेखोर होते, लोकांच्या स्मरणात मात्र ते राजे म्हणून राहिले. १८१८ मध्ये बीड भागात निजामाच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या धर्माजी प्रतापराव यांचे नाव आज जिल्ह्याच्या इतिहासात उठावाचे नेते म्हणून घेतले जाते. तत्कालीन सत्तेच्या लेखी ते बंडखोरच होते. लुटारू आणि नायक यांमधील अंतर कृतीने जितके ठरते, तितकेच ते कोण कोणाला काय म्हणते यानेही ठरते. पोवाडा शाहीर गातो, नायक स्वतः गात नाही. डॅफी आपला पोवाडा आपणच गातो, आणि तेथेच त्याचा पराभव निश्चित होतो.

येथे चित्रपटाच्या मर्यादेचाही निर्देश करणे अगत्याचे आहे. ज्याच्यासाठी लूट करावयाची तो गरीब मनुष्य या चित्रपटात एकदाही दिसत नाही. डॅफी त्याचा उल्लेख करतो तोही तुच्छतेने, आपल्या सिद्धीचे एक साधन म्हणून. नायकाला ओळख देणारा समाजच अशा रीतीने वगळला गेल्यामुळे एका भिक्षूचे हसणे हेच अंतिम न्यायालय ठरते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात, तेथील प्रेक्षकाच्या डोळ्यांत ही रिकामी जागा भरल्याखेरीज राहणार नाही. मात्र हा चित्रपटाचा दोष मानावा की त्याचे मर्म, याचा निर्णय घाईने करू नये. गरिबावाचून उरलेली रॉबिन हुडची आख्यायिका म्हणजे केवळ एक वेष होय, हेच तर डॅफीची फजिती दाखवून देते.

शेवटाचा अर्थही या दृष्टीने लावावा लागतो. लुटारू साधू होतो ही घटना आपल्याला वाल्या कोळ्याच्या कथेने परिचित आहे. परंतु पापात वाटेकरी होण्यास घरच्यांनी नकार दिल्यावर वाल्याला पश्चात्ताप झाला, आणि त्यातून वाल्मीकी घडला. डॅफीला पश्चात्ताप नाही, केवळ थकवा आहे. एक सोंग उतरवून तो दुसरे चढवितो. गंमत एवढीच, की या दुसऱ्या सोंगाला भिक्षू हसत नाही. एकट्याने मागितलेली ओळख मिळाली नाही, ती दुसऱ्याच्या सोबतीला गेल्यावर मिळाली.

विडंबन मुळाची थट्टा करते, एवढेच म्हणून थांबणे यापुढे इष्ट होणार नाही. या चित्रपटात आख्यायिका शाबूत राहते. थट्टा होते ती ती अंगावर घालून मिरविणाऱ्याची. म्हणूनच रॉबिन हुड ज्याच्या आजीच्या गोष्टीत कधी आला नाही, तो विद्यार्थीही येथे जाणतेपणाने हसू शकतो. मिरविणाऱ्यांची ओळख त्याला मुळाआधीच झालेली असते.