ईश्वरेच्छा आणि मानवी कर्तृत्व : मोलिनाच्या ‘कोंकोर्दिया’चे परीक्षण

ईश्वर सर्वज्ञ व सर्वसत्ताधीश असेल, तर मनुष्याच्या दुष्कृत्याचे उत्तरदायित्व कोणाचे? ऑगस्टीन व पेलॅजियस यांच्या पाचव्या शतकातील वादापासून ख्रिस्ती धर्मशास्त्राला हा प्रश्न छळीत आला आहे. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याचा पक्ष मांडला. १५२५ मध्ये ल्यूथरने त्याचे खंडन केले. या दोन टोकांचा समन्वय साधण्याचा एक अत्यंत कुशल प्रयत्न म्हणजे लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट पंडिताचा, १५८८ साली लिस्बन येथे प्रसिद्ध झालेला ‘कोंकोर्दिया’ हा ग्रंथ होय.

मोलिना म्हणतो, काय संभवते हे ईश्वर जाणतो आणि काय घडणार हेही जाणतो. या दोहोंच्या मध्ये त्याचे ‘मध्यमज्ञान’ असते : कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील, याचे ज्ञान. त्याच्या आधारे ईश्वर सृष्टीची योजना करतो. योजनाही अभंग राहते आणि मानवी निवडही.

मनुष्य कळसूत्री बाहुली ठरू नये, ही मोलिनाची तळमळ आम्हांस आदरणीय वाटते. तथापि त्याची उपपत्ती टिकत नाही. जो मनुष्य अद्याप उत्पन्नच झाला नाही, त्याच्या निर्णयाविषयीचे सत्य कशावर उभे आहे? ईश्वरेच्छेवर म्हणावे, तर स्वातंत्र्य लोपते. ईश्वराबाहेर म्हणावे, तर सर्वसत्ता उणावते. शिवाय अमुक परिस्थितीत हा घसरेल हे जाणून त्याला तेथेच ठेवणारा निर्दोष कसा? रोममध्येही या वादाचा निकाल लागला नाही. १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल यांनी निर्णय न देताच चर्चा थांबविली.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थायतन सुत्तात भगवंतांनी ‘इस्सरनिम्माण’वादाची परीक्षा केली आहे. सर्व अनुभव ईश्वरनिर्मित मानले, तर प्राणिहत्या व चोरीही त्याचीच निर्मिती ठरते. मग छंद, वायाम आणि कार्याकार्यविवेक यांना जागा उरत नाही. हा आक्षेप ल्यूथरच्या पक्षाला अधिक थेट लागू पडतो; मोलिनाला तो परिस्थितीच्या वाटेनेच गाठतो. एवढा भेद आम्ही न केल्यास ती टीका नव्हे, अन्याय होईल.

परंतु त्याच सुत्तात पहिला प्रहार ‘पुब्बेकतहेतु’वादावर आहे, याचा विसर पडू नये. सारे सुखदुःख पूर्वकृत कर्मानेच होते, या मतानेही प्रयत्नाची मुळे उखडली जातात. पूर्वजन्मीचे पाप म्हणून जन्मसिद्ध हीनत्व आपल्या पूर्वजांच्या माथी मारले गेले, ते याच मताच्या बळावर. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात गतजन्माच्या कर्मसिद्धान्ताची कठोर चिकित्सा केली.

मोलिनाला हसणे सोपे आहे. ईश्वर नाकारून त्याच्या रिकाम्या आसनावर आपण दैवाला बसवीत नाही ना, हे तपासणे कठीण आहे. आणि सुत्ताची खरी मागणी तीच आहे.