विमाननगरीचे तत्त्वज्ञान आणि वऱ्हाड

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीनजीकच्या बेलोरा येथील विमानतळावर मुंबईहून आलेले पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. त्या दिवसापासून आमच्याकडील सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत एक सिद्धांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. विमानतळ झाला, आता उद्योग येतील. उद्योग आले म्हणजे नोकऱ्या येतील. आणि नोकऱ्या आल्या म्हणजे पुण्यास गेलेली आपली मुले परत येतील. ज्या घरांतील मुले खरोखरच पुण्यास गेलेली आहेत, त्या घरांत हा सिद्धांत विशेष प्रिय आहे. त्याचा उपहास करावा असे कोणाही सहृदय माणसास वाटणार नाही. परंतु प्रिय सिद्धांतच अधिक काळजीने तपासावा लागतो. म्हणून ह्या विचाराचे जगभर गाजलेले जे पुस्तक, ते वऱ्हाडच्या काळ्या मातीवर उभे राहून एकदा वाचून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ते पुस्तक म्हणजे जॉन कासार्डा व ग्रेग लिंडसे ह्यांचा ‘एरोट्रोपोलिस’ हा २०११ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. कासार्डा हे अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठात व्यापारविद्येचे प्राध्यापक, तर लिंडसे हे वृत्तपत्रव्यवसायातील लेखक. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. ज्या युगात दळणवळणाचे जे मुख्य साधन, त्याच्या आश्रयाने त्या युगाची नगरे वसली. प्रथम बंदरे, मग नद्या व कालवे, मग आगगाडी, मग मोटारीचे रस्ते, आणि आता विमान. म्हणून विमानतळ हा शहराच्या वेशीबाहेरचा उकिरडा न मानता त्यालाच मध्यभागी ठेवावे आणि नगर त्याच्या भोवती वसवावे. मेम्फिस, लुइव्हिल, दुबई, कोरियातील सोंगडो ही त्यांची उदाहरणे. हॉलंडमधील आल्समीरच्या फुलबाजाराचे वर्णन तर मोठे बहारीचे आहे. एका खंडात खुडलेले फूल दुसऱ्या खंडात लिलावास लागते आणि कोमेजण्यापूर्वी तिसऱ्याच देशातील फुलदाणीत जाऊन बसते, हा व्यवहार लेखकाने इतक्या प्रत्ययकारी रीतीने रंगविला आहे की वाचकाचा विरोध काही वेळ गळूनच पडतो.

परंतु पुस्तक मिटल्यावर दोन शंका मनात उरतात. पहिली त्याच्या रचनेविषयीची. मुखपृष्ठावर नावे दोन. आत बोलणारा मात्र एकटा लिंडसे, आणि कासार्डा हे त्याच्या कथेचे नायक. म्हणजे भक्ताने आरती ओवाळावी आणि देवाने स्वतःच तबक धरावे, असा हा प्रकार आहे. असल्या ग्रंथात प्रतिकूल पुराव्याचे वजन हलके होणे अपरिहार्यच. कासार्डा ह्यांच्याच प्रांतात, किन्स्टन येथे, त्यांच्याच कल्पनेवरून १९९० नंतरच्या दशकात विमानतळाभोवती उद्योगक्षेत्र उभारण्यात आले. लांबलचक धावपट्टी बांधली गेली. पण ज्या मालवाहतुकीसाठी हा खटाटोप, ती वर्षानुवर्षे आलीच नाही. पुढे विमानाचे भाग बनविणारा एक कारखाना तेथे आला, तो निराळ्या कारणांनी.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. आपल्याकडील नैयायिक उपादानकारण आणि निमित्तकारण ह्यांत भेद करतात. मडक्याचे उपादान माती. कुंभाराचे चाक हे केवळ निमित्त. चाकावाचून मडके होत नाही हे खरेच. पण माती नसता नुसते चाक फिरविल्याने काय निघणार? कासार्डा-लिंडसे ह्यांनी चाकालाच माती मानले आहे. मेम्फिसची भरभराट विमानतळामुळे झाली असे ते म्हणतात; परंतु रात्रीतून देशभर पार्सले पोचविण्याची कल्पना घेऊन एक कंपनी तेथे येऊन बसली नसती, तर त्या धावपट्टीचे काय झाले असते, ह्या प्रश्नापाशी ते रेंगाळत नाहीत.

वऱ्हाडला हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वीच आगगाडीच्या रूपाने तो आमच्यापुढे उभा राहिला होता. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोचली. १८७० साली जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होता. पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती हा फाटा झाला. बारा-तेरा किलोमीटरांच्या एका फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वाधिकारी खामगावास का यावा? उत्तर त्या बाजारात रचलेल्या गाठींत होते. येथे माती आधी होती, चाक मागून आले.

आणि मडके कोणाच्या घरी गेले? ह्याचा विचार करावयाचा तर लक्ष्मण सत्य ह्यांचा ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) हा ग्रंथ ‘एरोट्रोपोलिस’च्या शेजारी ठेवून वाचावा. १८५० ते १९०० ह्या अर्धशतकात कापसाने ज्वारीची जागा कशी घेतली, गावाची गायराने व राने कशी आकसली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा संपन्न म्हणविणारा प्रांत कसा उघडा पडला, हे त्यांनी साधार मांडले आहे. सत्य ह्यांची प्रत्येक गोष्ट मान्य करावी असे नाही. इंग्रजपूर्व खेड्याचे चित्र ते जरा अधिकच उजळ रंगवितात. आणि गाडीमुळे अकोला, अमरावती, खामगाव येथे जिन आणि प्रेस आले, पेठा वाढल्या, शाळा निघाल्या, तिकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तथापि त्यांचा मुख्य मुद्दा अढळ आहे. सरकी काढून गाठ बांधण्यापलीकडचे बरेचसे काम आणि त्यातील नफा वऱ्हाडाबाहेर गेला. गाठ गेली, कापड परत आले. दुष्काळात रूळ होते, डबे होते. ज्याचे पीक बुडाले त्याच्या गाठीस पैसा मात्र नव्हता.

आता भागीदारीविषयी. ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ हा शब्दप्रयोग नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आगगाडीच्या कंपन्यांस सरकारने जमीन फुकट दिली आणि गुंतविलेल्या भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदी रयतेच्या करातून भरून निघावयाची. नफा वाटून घ्यावा आणि तोटा एकट्याने सोसावा, अशा ह्या विलक्षण भागीदारीवर दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त ह्यांनी कठोर टीका केली. दत्तांचा तर आणखी एक आक्षेप होता: आगगाडीवर इतका खर्च होतो, मग पाटबंधाऱ्यांवर का नाही? दांडेकर समितीने १९८४ साली सिंचनाचा अनुशेष मोजून दाखविला. तेव्हापासून तो शब्द ज्या वऱ्हाडात घरोघरी झाला, तेथे हा आक्षेप शिळा वाटत नाही.

ह्याच वंशातील एक भागीदारी आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली. मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटरांची अरुंद वाट, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत, ती किलिक निक्सन ह्या विलायती पेढीच्या कंपनीने कापसासाठी उभारली. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या तरी ही वाट खाजगी मालकीचीच राहिली. गाडी सरकार चालवी, मालकी कंपनीची. शाळकरी वयात मामाकडे अचलपुरास जाताना प्रस्तुत लेखक त्या गाडीत कैकदा बसला आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. ७६ किलोमीटरांस चार तास लागत, आणि चढावर मुले खाली उतरून गाडीबरोबर धावत. आम्हांस ती मौज वाटे. मोठेपणी कळले की, ज्या वाटेवर पैसा घालण्याची जबाबदारी कोणाची हे करारात नीट लिहिलेले नसते, ती वाट अशीच म्हातारी होते. कापूस मोटारलॉऱ्यांवर गेला, आणि शेवटी गाडीही थांबली.

ह्या अनुभवाच्या उजेडात आजच्या योजना पाहाव्या. लहान शहरांस विमानाने जोडणारी ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली. तीत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट तीन वर्षे सरकार भरून देते. सामान्य माणसास स्वस्त तिकीट मिळते हा ह्या हमीचा जुन्या हमीहून मोठा विशेष होय, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली. आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत त्यांतील अवघे ५४ टिकले. चाक फिरविणारा हात काढला की बहुतेक ठिकाणी चाक थांबले. यवतमाळचे उदाहरण तर घरचेच. २००९ साली राज्यातील पाच विमानतळ एका खाजगी कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, त्यांत यवतमाळ होते. पण तेथून नियमित प्रवासी विमान काही सुटले नाही. नागपूरच्या विमानतळाचा करार २०१९ साली ठरला, २०२० साली सरकारी पक्षाने मोडला, उच्च व सर्वोच्च न्यायालयांत कंपनीच्या बाजूने निकाल लागला, आणि २०२४ साली पुन्हा सही झाली. सरकारला मिळावयाचा उत्पन्नाचा वाटा प्रथम शेकडा ५.७६ होता, तो वाटाघाटीत १४.४९ झाला. एवढे अंतर ज्या कलमात पडते, ते कलम वृत्तपत्रांच्या वाचकांनी क्रिकेटच्या धावफलकाइतक्या आस्थेने वाचावे, अशी अपेक्षा करणे वावगे होईल काय?

बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरांची आहे. सत्तर-बहात्तर आसनांची विमाने तीवर उतरतात. असल्या विमानातून कापसाची १७० किलोंची गाठ जावयाची नाही, आणि वरूड-मोर्शीची संत्रीही जावयाची नाहीत. संत्र्यांचे २०१९ नंतर जे नुकसान झाले ते वाहनाच्या अभावी नव्हे, तर बांगलादेशाने आयातकर चढवीत नेल्यामुळे. मग विमानाने काय जाईल? वैद्य, व्यापारी, अभियंते, तपासणीचे नमुने, तातडीचे सुटे भाग. म्हणजे माणसे आणि त्यांची विद्या. म्हणून बेलोऱ्यासच वैमानिक-शिक्षणाची शाळा काढण्याचा जो ३० वर्षांचा करार एअर इंडियाशी २०२४ साली जाहीर झाला, तो मला मालवाहतुकीच्या स्वप्नांहून अधिक भरवशाचा वाटतो. वर्षाकाठी १८० वैमानिक तयार करण्याची ती योजना आहे. त्यांत वऱ्हाडातील मुले-मुली किती, आणि पऱ्हाटी वेचून संसार चालविणाऱ्या आईच्या मुलास तेथील फी कशी परवडेल, एवढे मात्र आत्ताच विचारून ठेवावे. तसेच नांदगाव पेठ येथील १,००० एकरांच्या वस्त्रोद्योगक्षेत्राची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. कापसाचे कापड जर खरोखरच येथे होऊ लागले, तर माती आपली, चाक आपले आणि मडकेही आपल्याच घरी, असा योग दीडशे वर्षांत प्रथम येईल.

अकोल्याची गोष्ट निराळी, आणि अधिक बिकट. शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा, म्हणजे बेलोऱ्याहून कितीतरी जुना. धावपट्टी वाढवावयाची तर शेजारच्या खाजगी जमिनीबरोबर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचीही जमीन लागते, म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. अकोलेकरांस वाटणारी खंत रास्त आहे. कापसाची एवढी मोठी पेठ असून शेजारच्या शहरास विमान आणि आपणांस नाही, हे कोणास रुचेल? तथापि ज्या शेतांत बियाण्यांची पारख होते, ती शेते ह्या प्रांताची माती आहेत, शब्दशः आणि आमच्या नैयायिकांच्या अर्थानेही. अकोला-अमरावती रस्त्याच्या एका पदराचे ७५ किलोमीटर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत तयार करून आपण जागतिक विक्रम केला. त्या रस्त्याने अकोल्याचा प्रवासी दोन तासांत बेलोऱ्यास पोचू शकतो. प्रयोगाचे शेत मात्र असे तासांत तयार होत नाही.

विमान येऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पुण्याहून सणासाठी येणारी मुले दोन तास आधी घरी पोचली तर त्यात आनंदच आहे. परंतु ती परत जाऊ नयेत ही जर आपली इच्छा असेल, तर तिची तजवीज धावपट्टीवर नव्हे, तिच्या भोवतालच्या शिवारात व गिरणीत, आणि करारांच्या कलमांत करावी लागेल. ‘एरोट्रोपोलिस’ अवश्य वाचावे. मात्र सत्यांचा ग्रंथ आधी वाचावा, म्हणजे ते योग्य तेवढेच पटेल.