नकाशातले 'पडीक' आणि नवापूरचा रोशा

'वेस्टलँड्स ॲटलस ऑफ इंडिया' हा सरकारी ग्रंथ शाळेच्या कपाटात सहसा नसतो. त्यातले आकडे मात्र अहवालांतून, वर्तमानपत्रांतून आपल्या वर्गापर्यंत पोचतात. 2019 च्या आवृत्तीनुसार देशातली सुमारे 5 कोटी 58 लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ 17 टक्के जमीन 'पडीक' आहे.

काम कष्टाचे आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. उपग्रहाच्या चित्रातला एकेक ठिपका 23.5 मीटर लांबीरुंदीचा असतो. अशा ठिपक्यांवरून देशभराचे नकाशे करणे सोपे नव्हे. आमची तक्रार मोजणीबद्दल नाही, व्याख्येबद्दल आहे. वाजवी प्रयत्नांनी वनस्पतींच्या आच्छादनाखाली आणता येईल, पण सध्या पुरेशी वापरात नाही, ती जमीन पडीक, असा तिचा आशय. मग गवत हे वनस्पतींचे आच्छादन नव्हे काय?

नवापूरकडच्या डोंगरउतारांवरचे रोशा गवत घ्या. हे इथलेच, बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनाय. (यातला 'मार्टिन' म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्याने याचे बी गोळा केले होते.) पावसाळा सरताना ते माणसाच्या उंचीचे होते, फुलोरा पिकताना तांबूस दिसू लागतो. उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, वणव्यात जळतोही. पण बुंध्याशी असलेले कोंब जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. दरवर्षी बी रुजण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मुरमावर पडत नाही. पात्यांवर थेंब फुटतो, तंतुमुळांच्या जाळ्यात माती अडकते आणि तेवढा गाळ रंगावलीत कमी जातो. ॲटलसच्या व्याख्येत या कामाला जागा नाही.

याच्या उलट 1880 चे खानदेश गॅझेटियर पाहा. ते साहेबाने महसुलासाठी लिहून घेतलेले, त्याची नजर व्यापाऱ्याची. तरी गवताला नावाने ओळखण्याइतकी ती जागी होती. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्राणी या भागांत रोशाचे तेल काढले जाई. ते मुंबईमार्गे तांबड्या समुद्राच्या बंदरांतून कॉन्स्टँटिनोपलला पोचे आणि पुढे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई! कारण रोशाच्या तेलात मुख्यतः जिरॅनिऑल असते, आणि गुलाबाच्या वासातही त्याचा वाटा असतो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे. मोतियाला उघडा, उन्हाचा उतार लागतो. सोफिया दाट, ओलसर जागी वाढतो. मोतियाचे तेल गुलाबाच्या वासाचे, सोफियाचे उग्र आणि हलक्या प्रतीचे. जो फरक हातात पाते घेऊनही डोळ्यांना कळत नाही, तो साडेतेवीस मीटरच्या ठिपक्यातून कसा कळावा?

हा केवळ शब्दांचा वाद असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. जमीन पडीक ठरली की तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म होते. राज्यात 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट होते आणि अशा मोहिमांत खड्ड्यांपाशी शाळेची मुले उभी असतात. खड्ड्यासाठी गवताचे ठोंब उपटले जातात. रोप जगले नाही तर उतार उघडा पडतो. जगून दाट सावली झाली तर मोतिया तिथून हटतो.

नवापूरला सगळीकडे गवतच असावे, असे आम्ही म्हणत नाही. साग, खैर, मोह हेही इथलेच, आणि जिथले जंगल तोडले गेले तिथे ते पुन्हा यावे. खरोखर झिजलेली जमीनही या तालुक्यात आहे. पण झिजलेला उतार आणि गवताने धरलेला उतार यांना एकच नाव देणारा ग्रंथ शिक्षकाने डोळे मिटून स्वीकारू नये. पुढच्या वेळी रोपे घेऊन उतारावर जाल तेव्हा कुदळ मारण्याआधी एक पाते चुरगाळून मुलांना हुंगायला द्या.