अभ्यंकरांची यादी: गट हाती नाही, पण त्याचे भागगट माहीत आहेत

आज आपण एका निबंधाबद्दल बोलणार आहोत. १९५७ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'च्या ७९व्या खंडात तो आला. नावाचं मराठी करायचं तर 'बैजिक वक्रांची आच्छादनं'. लेखक श्रीराम शंकर अभ्यंकर. जन्म उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरला, पण पदवी आपल्या मुंबईची, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधली, १९५१ची. तिथून हार्वर्ड, ऑस्कर झारिस्कींच्या हाताखाली.

अभ्यंकरांचं नाव मराठी माणसाला ठाऊक आहे. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनी १९७६ साली काढलं, हेही ठाऊक आहे. मग त्यांच्या गणिताबद्दल एक वाक्य सहज बोललं जातं: 'त्यांची अटकळ १९९४ साली सिद्ध झाली आणि वक्रांचा मूलभूत गट सापडला.' या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा खरा नाही. तो का खरा नाही हे नीट कळलं, तर त्या निबंधाचं खरं मोल कळतं. आज तेवढंच करायचं आहे.

आधी गट म्हणजे काय ते वरळीतच बघू. वरळी नाक्यावरून निघा, जांबोरी मैदानाला वळसा घालून नाक्यावर परत या. या फेरीला 'अ' म्हणू. दूरदर्शनच्या मनोऱ्याला वळसा घालून परत या, ही फेरी 'ब'. उलट दिशेनं गेलात की ती फेरी रद्द होते. मधे किती रेंगाळलात, कुठल्या गल्लीतून गेलात, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही; कशाला, कुठल्या क्रमानं वळसे घातलेत एवढंच मोजायचं. 'अ मग ब' आणि 'ब मग अ' या वेगळ्या फेऱ्या. अशा सगळ्या फेऱ्यांचा मिळून एक अनंत गट होतो. त्याचे जनक दोन, आणि त्यांच्यात संबंध एकही नाही. जनक आणि संबंध यांची ही यादी म्हणजे त्या गटाचं प्रेझेंटेशन. अनंत गोष्ट एका ओळीत मावली.

आता त्यातल्या फक्त अशा फेऱ्या घ्या, ज्यांत मैदानाचे वळसे सम संख्येत आहेत. हा उपगट. मूळ गटाचे यानं बरोबर दोन भाग पडतात, सम आणि विषम, म्हणून याचा निर्देशांक २. गंमत अशी की उपगट 'लहान' असूनही त्याला जनक तीन लागतात: अ दोनदा, नुसता ब, आणि अ, ब, उलटा अ. श्रायरचं सूत्रच आहे: र जनकांच्या मुक्त गटात निर्देशांक न असलेल्या उपगटाला १ + न(र − १) जनक लागतात. सांत निर्देशांकाचा प्रत्येक उपगट शेवटी एखाद्या सांत गटापर्यंत पोचवतो. त्याला मी मूळ गटाचा भागगट म्हणेन. अनंत गटाची ही सांत सावली समजा.

म्हणजे अनंत गट ओळखायचे दोन रस्ते झाले. एक, प्रेझेंटेशन. दोन, त्याच्या सांत भागगटांची यादी. आपल्याला वाटतं की पहिला मिळाला की दुसरा आलाच. तसं नाही. १९५१ साली ग्रॅहम हिगमन यांनी चार जनक आणि चार छोटे संबंध लिहून एक अनंत गट दाखवला. त्याला स्वतःखेरीज सांत निर्देशांकाचा एकही उपगट नाही. प्रेझेंटेशन एका ओळीचं, आणि सावली कुठेच नाही. अभ्यंकरांच्या निबंधात परिस्थिती नेमकी उलटी आहे, म्हणून हिगमनची आठवण काढली.

संमिश्र संख्यांवरच्या वक्राचं काम सोपं आहे. वक्राला ग छिद्रं असतील आणि त्यातून र बिंदू काढले असतील, र किमान १, तर मूलभूत गट म्हणजे २ग + र − १ जनकांचा मुक्त गट. नुसत्या रेषेला ग शून्य आणि काढलेला बिंदू एक, अनंतावरचा. उत्तर शून्य. रेषेला आच्छादन नाही, विषय संपला.

पण संख्याच बदलल्या तर? अशी क्षेत्रं आहेत जिथे एखादी मूळ संख्या प हीच शून्य असते. तिथे हे समीकरण बघा: य चा प-वा घात, वजा य, बरोबर क्ष. याचं य-सापेक्ष विकलज काढा. पहिल्या पदाला प चा गुणक येतो, तो शून्य. उरतं उणे १. ते कधीच शून्य होत नाही, म्हणजे क्ष कुठलाही घ्या, य च्या प किमती कायम वेगवेगळ्या राहतात, दोन मुळं कधी एकमेकांना चिकटत नाहीत. रेषेवर प पदरांचं स्वच्छ आच्छादन तयार झालं! आणि क्ष च्या जागी क्ष चा दुसरा, तिसरा, चौथा घात घाला, फक्त प नं भाग जाणारे घात सोडा. प्रत्येक वेळी नवं, स्वतंत्र आच्छादन. म्हणून रेषेच्या मूलभूत गटाला सांत संख्येचे जनक पुरतच नाहीत. हातात प्रेझेंटेशन येण्याचा प्रश्नच मिटला.

सत्ताविशीतल्या अभ्यंकरांनी इथे प्रश्नच बदलला. प्रेझेंटेशन मागू नका, म्हणाले. फक्त विचारा की सांत भागगट कोणते. आणि उत्तराची अटकळ मांडली. कुठलाही सांत गट घ्या. त्यातले सगळे प-सायलो उपगट मिळून जो उपगट तयार होतो, तो मूळ गटातून भागून टाका. जे उरेल त्याला २ग + र − १ जनक पुरत असतील तर तो गट यादीत, नाहीतर नाही. रेषेसाठी याचा अर्थ असा की उरायला काही नकोच. गट संपूर्णपणे आपल्या प-सायलो उपगटांतून उभा राहिलेला हवा. बीएस्सीला पाठ करून विसरलेलं सायलोचं प्रमेय इथे भूमितीचा दरवाजा उघडतं.

अटकळीमागे आधार म्हणून त्यांनी समीकरणं ठेवली. एक करून बघू. प = ५ घ्या: य चा सहावा घात, वजा क्षय, अधिक १, बरोबर शून्य. विकलज: य चा पाचवा घात वजा क्ष, कारण ६ म्हणजे इथे १. हे शून्य व्हायचं तर क्ष हा य च्या पाचव्या घाताएवढा हवा. ते मूळ समीकरणात घाला: पहिली दोन पदं उडतात, उरतं १ = ०. अशक्य. म्हणजे पुन्हा कुठेच मुळं चिकटत नाहीत. शाळेचं बीजगणित, दोन ओळी. आणि या समीकरणाच्या कुटुंबाचा गट कोणता हे पुढे झां-पिएर सेर यांनी दाखवलं. आपल्या उदाहरणात तो ६० घटकांचा, पाच वस्तूंच्या सम क्रमपर्यायांचा गट आहे. प = २ असताना य चा तेविसावा घात, अधिक क्ष गुणिले य चा घन, अधिक १, यातून मॅथ्यूचा १,०२,००,९६० घटकांचा गट निघतो. तीन पदांतून एक कोटीच्या वर!

अभ्यंकरांचा आग्रह असाच होता: समीकरण दाखवा. १९९४ साली त्यांनी एका निबंधाचं नावच 'छान गटांसाठी छान समीकरणं' अशा अर्थाचं ठेवलं. या आग्रहाचं बळ उघड आहे, पण मर्यादाही आहे. समीकरण एका वेळी एक गट देतं, फार तर एक कुटुंब. सगळे गट एका झटक्यात या वाटेनं येत नाहीत. आलेही नाहीत. सेर यांनी १९९० मध्ये सोडवण्याजोग्या गटांचा भाग केला. १९९४ मध्ये मिशेल रेनो यांनी रेषेसाठी आणि लगेच डेव्हिड हार्बेटर यांनी सगळ्या वक्रांसाठी अटकळ सिद्ध केली. १९९५चं कोल पारितोषिक दोघांना मिळून मिळालं. त्यांची हत्यारं वेगळी होती: तुकड्या-तुकड्यांवर आच्छादनं बनवून ती शिवायची. तिथे सगळे गट मिळतात, समीकरण मात्र हाती लागत नाही. एका वाटेनं उदाहरणं येतात, दुसरीनं व्याप्ती. कुणी कुणाला निकामी केलं नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. यादी पूर्ण झाली. गट सापडला का? ज्या गटाला सांत जनक पुरतात, तिथे यादीवरून पूर्णगट, म्हणजे सगळ्या सावल्या एकत्र बांधलेला गट, ठरतो. इथे तीच अट तुटलेली आहे. दोन वक्र घ्या: वडा, म्हणजे एक छिद्र, त्यातून एक बिंदू काढलेला, आणि गोल, त्यातून तीन बिंदू काढलेले. २ग + र − १ दोन्हीकडे २. संमिश्र संख्यांवर दोघांचा मूलभूत गट एकच. प च्या जगात अभ्यंकरांची यादीही दोघांना एकच. पण अकिओ तामागावा यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की तिथे मूलभूत गटावरून ग आणि र वेगवेगळे ओळखता येतात. म्हणजे यादी तीच, गट निराळे! कोण कोण हजर आहे हे यादी सांगते. कुणाचं कुणाशी काय नातं आहे ते सांगत नाही, आणि सगळी माहिती त्या नात्यांत दडलेली आहे.

हा अभ्यंकरांचा दोष नव्हे. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. दोष आपल्या कौतुकाचा आहे. 'गट सापडला' म्हणून आपण फाइल बंद करतो आणि जे अजून उघडं आहे, त्याकडे आपली मुलं वळतच नाहीत. आपल्या माणसाचा मान ठेवायचा असेल तर त्याचं समीकरण कागदावर घेऊन विकलज काढावं. सहाव्या घाताचं तर आज तुम्ही ऐकलंतच; घरी जाऊन प = ७ घ्या, य चा आठवा घात लिहा, आणि तिथेही १ = ० येतं का ते तपासा.