वराहज्वर : नाव आणि मूत्रपिंडावरील ठिपके

रोगाचे नाव म्हणजे त्याचे संक्षिप्त वर्णन, अशी समजूत सर्वत्र आढळते. वराहज्वराच्या बाबतीत ती टिकत नाही. ज्वर हे या रोगाचे सर्वांत कमी सांगणारे लक्षण होय. त्याची ठळक खूण शवविच्छेदनात, मूत्रपिंडावर दिसते.

अभिजात वराहज्वराचा विषाणू प्रथम टॉन्सिलमध्ये वाढतो व तेथून रक्तात उतरतो. केशवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते, बिंबाणू घटतात, आणि मूत्रपिंडाच्या बाह्यकात टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. वरचे पातळ आवरण सोलले की फिकट पृष्ठभागावर ते स्पष्ट दिसतात. इंग्रजी ग्रंथकारांनी अशा मूत्रपिंडास टर्कीच्या अंड्याची उपमा दिली. मराठीत ती जशीच्या तशी उतरविणे व्यर्थ होय. उपमानच अपरिचित असेल तर उपमेय उजळत नाही. ‘रक्तस्राव’ ही संज्ञाही येथे पुरेशी नाही. स्राव म्हणजे वाहणे. येथे रक्त ऊतकात झिरपून जागीच थांबते. ‘रक्तठिपका’ हा शब्द पंडिती नाही खरा, परंतु दिसते तेच तो सांगतो.

चुकीचे नाव किती चिवट असते, याचे उदाहरण याच रोगाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत त्यास ‘डुकरांचा कॉलरा’ म्हणत. १८८५ मध्ये सामन आणि स्मिथ यांनी एक जिवाणू त्याचे कारण म्हणून पुढे केला. खरे कारण सूक्ष्म गाळणीतून पार होणारा विषाणू आहे, हे १९०३-०४ च्या सुमारास द श्वाइनित्झ आणि डॉर्सेट यांनी दाखविले. तरीही त्या जिवाणूच्या ‘कॉलरीसुइस’ या नावात तो जुना प्रमाद आजही नांदतो आहे. गंमत अशी की, त्या जिवाणूच्या रक्तदोषातही मूत्रपिंडावर ठिपके येतात.

याहून गंभीर घोटाळा ‘आफ्रिकन’ या विशेषणाने केला आहे. १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी केनियातून वर्णिलेला आणि भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात प्रथम आढळलेला हा रोग नावावरून पहिल्याचाच प्रकार वाटतो. मूत्रपिंडही तसेच ठिपकेदार दिसते. परंतु पहिला विषाणू आरएनएचा, दुसरा डीएनएचा. त्यांच्यात नाते नाही. सशांत वाढवून क्षीण केलेल्या विषाणूची लस पहिल्यास रोखते, दुसऱ्यापुढे ती निरुपयोगी ठरते. लस टोचून निश्चिंत झालेल्या डुकरे पाळणाऱ्याचा सगळा कळप जातो, तेव्हा या सारख्या नावाची किंमत तो मोजीत असतो.

पुण्यात तर आणखी एक गुंता आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू येथे नोंदला गेला, आणि ‘स्वाइन झाला’ हा प्रयोग बोलीत रुळला. वराहज्वराचे हे दोन्ही विषाणू मनुष्यास बाधत नाहीत. तरी ‘स्वाइन फीवर’ म्हणताच ऐकणाऱ्याचा हात नाकातोंडाकडे जातो. म्हणून मूत्रपिंड, प्लीहा, लसीकाग्रंथी यांचे नमुने प्रयोगशाळेकडे जाताना सोबतच्या चिठ्ठीवर रोगाचे नाव ठरवून लिहू नये. ठिपके कोठे, किती व केवढे दिसले, एवढेच लिहावे.