कीर्ति आणि पूर्वग्रह

ग्रंथ हातीं घेण्यापूर्वींच त्याविषयींचें मत पुष्कळदां आपल्या मनांत तयार असतें. मग वाचन होतें तें त्या मतास पुरावा मिळविण्यापुरतें. इतिहासांतहि हेंच घडतें. छत्रपति संभाजी महाराजांचें उदाहरण घेऊं. महाराजांचा वध १६८९ सालीं झाला. मल्हार रामराव चिटणीस यांनीं आपली बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षांनीं. शिवाय, ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना महाराजांनीं १६८१ मध्यें देहान्त शिक्षा दिली, त्यांच्याच वंशांत हे बखरकार जन्मले. तरीहि बखरींतील व्यसनी व उतावळा राजा पिढ्यान् पिढ्या खरा मानला गेला. नाटककारांनींहि बहुधा त्यालाच रंगभूमीवर आणिलें. वा. सी. बेंद्रे यांनीं समकालीन कागदपत्रें धुंडाळून १९६० सालीं चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें या चित्राच्या फेरतपासणीस जोर आला.

बखरकारास लबाड ठरविणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. घराण्यांत चालत आलेलें दुःखच त्यांनीं इतिहास म्हणून लिहिलें असेल. दोष वाचकांचा, लिहिणारा कोण व केव्हांचा, हें आपण विचारलेंच नाहीं. आज पारडें उलट झुकलें असतां, चिकित्सेचा शब्द काढणाऱ्यास द्रोही म्हणण्याची जी घाई दिसते, तीहि त्याच दोषाची दुसरी बाजू होय. ऐकीव निंदेप्रमाणें ऐकीव स्तुतीहि कागदाच्या कसोटीस लाविली पाहिजे. महाराजांच्या कीर्तीस त्या कसोटीचें भय नाहीं. भय असलेंच तर तें आपल्या मतांस आहे.